रकाना सहा

माहितीपत्रकात छापलंय : नदीकाठचा कला-परिसर.
दुबईत नदी नाही,
हे मला बावीस वर्षांपूर्वी विमानाच्या खिडकीतूनच कळलं होतं.
नौफल म्हणतो, मॅडम, नदी म्हटलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं.
मी म्हणते, बाबा रे, मी आचऱ्याची,
खाडी मला वासावरून कळते.
तो हसतो,
आणि कुलूप चावीचं ऐकत नाही
म्हणून शटरला लाथ घालतो.

आत पूर्वी गलबतं दुरुस्त व्हायची.
छत तेवढंच उंच ठेवलंय. भाडंही.
मधे एक फिलिपिनो बाई इथे मडकी करायची,
तिच्या मातीचे हात अजून मोरीपाशी भिंतीवर आहेत,
चक्कर आल्यावर टेकावेत तसे.
डावीकडचा कागदी दिवे विकतो.
उजवीकडच्या दालनात महिनाभर
एकच खुर्ची मांडून ठेवली आहे,
तिच्यावर बसायचं नाही.

वर्षाचे चार चेक, पुढच्या तारखांचे,
अनामत वेगळी, गार हवेचं बिल निराळं,
पाटीवर अरबी वर, बाकी भाषा खाली.
नौफल सांगत राहतो,
मी खिडकीशी तारखा लावून बघते.
जानेवारी निघेल.
एप्रिलमधे शाळांचे दाखले, निघेल.
जुलैत जो तो गावाला,
जुलैचा चेक आत्तापासूनच डोळे वटारतो.
ऑक्टोबरचं ऑक्टोबरला.
खाली सुकती लागलीय.
धक्क्याच्या खांबावर ओलं कुठवर होतं ते दिसतं.

मग अर्ज.
रकाना सहा : कलेचा प्रकार.
चित्र, शिल्प, नृत्य, छायाचित्रण, इतर.

मी भाषांतरं करते. शिक्क्यानिशी.
देऱ्यात, शिंप्याच्या माडीवर, एकोणीस वर्षं.
ती इमारत आता पाडणार आहेत.
जन्माचे कागद, लग्नाचे,
मुलाचं गुणपत्रक, जे बाप दोनदा वाचून घेतो,
आणि उन्हाळ्यात, परातीवरून पडलेल्यांचे.
मागच्या महिन्यात दशरथ लिंगू वारंग.
पारपत्रावर वारंग, इस्पितळात फारंज, पोलिसांत वारनक.
हे तिघे एकच मनुष्य आहेत
असं मी शपथेवर लिहून दिलं
तेव्हा पेटी सुटली.
मृत्यूचं कारण : हृदयक्रिया थांबल्यामुळे.
तसंच लिहिलं. तसंच लिहावं लागतं.
त्याच्या बायकोने फोनवर विचारलं,
पण थांबली कशानं, बाई?

सुलेखन लिहा, नौफल सुचवतो,
तुमचं अक्षर चांगलं आहे, कोण तपासायला येतंय.
मी त्याला विचारते, इथे बस येते का?
कुठली बस?
सोनापूरहून, कामगारांच्या वस्तीतून.
नौफलला माहीत नाही. त्याच्याकडे गाडी आहे.

म्हणून अर्जाची घडी पर्समधे घालून
मी थांब्यावर जाऊन उभी राहिले.
दुपारचे दोन. सावली खांबाएवढी,
तीत मी आणि एक कुरिअरवाला पोऱ्या, आळीपाळीने.
एकोणतीस मिनिटांनी बस आली.
तिच्यातून दोघे उतरले, हेल्मेटं हातात,
कपाळावर पट्ट्यांचे वण,
आणि इकडेतिकडे बघत राहिले,
पाटी कुणाची वाचावी कळत नाही तसे.

एकोणतीस मिनिटं. वर दुसरी गाडी बदलून.
पाळी बुडवून आलेला माणूस तेवढा थांबतो.
पोचल्यावर मात्र तो आधी बसतो,
मग खिशातून प्लास्टिकची पिशवी काढतो,
पिशवीतून कागद.

गुडघ्यावर अर्ज ठेवून मी लिहिलं :
इतर.
खाली होतं, तपशील द्यावा.
दिला.
खुर्च्या तीन. बसायच्या.