उजेडासमोर

प्रभू, उद्या प्रभुभोजन आहे,
आणि मी शरणपूरच्या देवळात न जाता
द्वारकेच्या पुलाखाली
स्कूटर स्टँडवर लावून
सीटवरच बसून तुझ्याशी बोलतोय.
गुडघे दुखतात.
हे खरं कारण नाही.

देवळात प्रार्थना मला पाठ आहे.
तोंड आपलं चालत राहतं,
मी बाहेरच, चपलांपाशी.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये तपासनीस होतो.
नोटांचे ताव, शाईचा वास,
सरकलेली रेघ, फिसकटलेला आकडा,
चूक दिसली की लाल पेन्सिल.
म्हणायचे, भास्करची नजर चुकत नाही.

एका गुरुवारी चहाची घाई होती.
न मोजता सही केली.
संध्याकाळी एक ताव कमी निघाला.
साहेबांनी विचारलं, गठ्ठा शेवटी कोणाच्या हातात होता?
म्हणालो, शांतवन उबाळेच्या.
खोटं नव्हतं ते.
म्हणूनच तर इतकी वर्षं टिकलं.

आठव्या दिवशी सापडले मला
एकमेकांना चिकटलेले दोन ताव.
सदोष मालाच्या पेटीत
मी ते जोडीनेच सरकवले.
हे तुला माहीत आहे.
मला मोठ्याने म्हणायचं होतं.

नंतर शांतवन इथे किल्ल्या करू लागला.
आणि मी दर रविवारी
त्याच्याच मागच्या बाकावर,
त्याच्या पिकत चाललेल्या मानेकडे बघत
म्हणत आलो, आमच्या पापांची क्षमा कर.
आमच्या.
किती सोयीचा शब्द आहे, प्रभू,
गर्दीत माणूस सापडत नाही.

माझं पाप. माझी सही.
माझा तो चहा.

तुझ्या हातातही लाल पेन्सिल असेल.
सदोष तावांचं काय होतं
ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक?
भुसा होतो.
पण रात्रपाळीला कधीकधी
असा एखादा ताव मी दिव्यासमोर धरायचो.
वरची शाई पार बिघडलेली,
तरी कागदाच्या आतून
चेहरा उमटून यायचा.
तो छापलेला नसतो,
कागद ओला लगदा असतो ना,
तेव्हाच बसतो आत.
कुठल्याच पेन्सिलीला खोडता येत नाही.

तसं धर मला.
भाजेल, पण धर.

आणि क्षमा कर.
केलीस, असं समजूनच उठतो आता.
कळलं कसं? कळलं नाही.
तुझ्या शेजारच्या वधस्तंभावरच्या त्या चोराने तरी
कुठे पावती मागितली होती?

समोर त्याच्या दुकानातला दिवा अजून चालू आहे.
कानस घासल्याचा आवाज येतोय.
काय म्हणेल, माहीत नाही.
हाकलेलही. हक्क आहे त्याचा.
तुझी क्षमा खिशात घालून
त्याची वसूल करायला निघालो नाही मी,
एवढं लक्षात राहू दे माझ्या.

आमेन नंतर म्हणतो.
शटर अर्धं खाली ओढलंय त्याने,
आत जायचं तर वाकावं लागेल.

गुडघे दुखतात.
वाकतो.