दुसरी काच

निफाडचा पारा चारवर आला त्या रात्री
मी उदबत्ती लावली आणि घरभर फिरले.
देवासाठी नव्हे, फटींसाठी.

हॉलमध्ये धूर सरळ, शहाण्यासारखा.
मुलीच्या खोलीत जरा बिचकला.
आमच्या पश्चिमेच्या खिडकीशी मात्र असा आत वाकला
की पाथर्डी फाट्यावर, चौथ्या मजल्याला,
बाहेर कुणी उभं राहून फुंकर घालतंय.
वहीत लिहिलं: पश्चिम, डावा कोपरा, खालून दोन बोटं.

सवय नोकरीची.
ओझरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी हिशेब ठेवते.
तिथे दाराचं रबर वीतभर फाटलं तर मीटिंग होते.
आत द्राक्षं गाढ झोपलेली
आणि बाहेर तीन माणसं
रबराबद्दल तावातावाने बोलत असतात.
घरी आम्ही सात वर्षं
फटीत वर्तमानपत्र कोंबलं
आणि गोधडी वाढवली.

नवऱ्याचं नाव विश्राम, पाळी तिसरी.
अंबडहून सकाळी येतो, जरा डोळा लागतो,
तेवढ्यात देवळालीला तोफांचा सराव.
आवाज एकदाच येतो,
काच मात्र तीनदा थरथरते.
एप्रिलात ह्याच खिडकीतून चारचं ऊन येतं
आणि त्याच्या पोटऱ्यांवर ठाण मांडून बसतं.

रियाज मणियार टेप घेऊन आले.
सगळ्या खिडक्या नव्या, दुहेरी काचेच्या:
एक लाख अठ्ठावीस हजार.
किंवा जुनी राहू दे, आतून दुसरी काच, चौकटीला रबर:
पश्चिमेपुरते नऊ हजार सहाशे.
किंवा अॅक्रिलिक, लोहचुंबकाच्या पट्टीवर.
हलकं, स्वस्त. ओरखडे पडतात.
"घरात लहान कुणी आहे ना?"

मी विचारलं, दोन काचांत अंतर किती ठेवाल?
टेप मागे सरकन गुंडाळली गेली.
"लोक रंग विचारतात, ताई."

विश्राम म्हणाला, जाड पडदा घेऊ.
मी बिलं फरशीवर पसरली,
जानेवारीचा हीटर, मेचा एसी,
आणि तो बिलांवरून उड्या मारत
चहा करायला गेला.
म्हणजे ठरलं.

"आधी जुन्या पट्टीतला ब्रश बदलू," रियाजभाई म्हणाले,
"फाटक्या बनियनवर कोट कशाला?
आणि स्वयंपाकघराची खिडकी आहे तशीच राहू द्या.
गॅस आहे. फोडणी जाणार कुठून?"

रविवारी काच आली.
त्यांचा पुतण्या तौफिक, असेल सोळाचा,
भरलेल्या कपांचा ट्रे असावा
तशी ती जिन्यातून घेऊन आला, लिफ्ट बंद म्हणून.
चार स्क्रू. रबर बसताना
जिभेने टाळू सोडावी तसा बारीक आवाज.

रात्री पुन्हा उदबत्ती.
धूर सरळ. इतका सरळ
की बघायला काही उरलंच नाही.

सोमवारी तोफा वाजल्या
म्हणजे पलीकडच्या इमारतीत कुणी गादी झटकली.
विश्राम दुपारी दोनपर्यंत झोपला.
मी रजा टाकली होती.
दोनदा आत जाऊन
त्याचा श्वास चालू आहे ना, बघून आले.

मग एका पहाटे काच आतून धुकटली,
आणि दोन काचांच्या मध्ये,
जिथे आता घरातला कुणाचाच हात पोचत नाही,
तौफिकचा अंगठा उमटला.
रेषान् रेषा स्वच्छ.

फोन केला. रियाजभाई खजील.
"चार स्क्रू तर आहेत, काढून पुसून देतो,
दहा मिनिटांचं काम."
दहा मिनिटं ती खिडकी उघडी,
जानेवारीत.
थंडी सरू द्या, म्हटलं.

दहाच्या सुमाराला दव उतरतं, अंगठाही.
त्याच्या आधी, शाळेचे मोजे घालता घालता,
मुलगी अलीकडून आपला अंगठा त्याच्यावर ठेवते.
मोठा आहे, म्हणते.
अजून.