मोरचूद

पाचव्या आठवड्यात आला तो.
खडा.
बाटलीच्या तळाशी, काचेला पाठ लावून,
मोहरीएवढा, निळा.

ताळगावच्या पठारावर मे म्हणजे
वाळलेलं गवत, झुवारीवरून येणारा चिकट वारा,
आणि सुट्टीत ओस पडलेल्या विद्यापीठात
आम्ही आठजण, दुसऱ्या वर्षाचे,
अंगात एक माप मोठे कोट,
शेवटी विद्यावेतन मिळेल या बोलीवर.

माझ्या वाट्याला तांबं आलं.
केंकरे मॅडम म्हणाल्या, संयुग करणं सोपं गो,
स्फटिक मिळवणं कठीण.
बाटलीच्या तोंडाला पातळ कागद बांध,
सुईने तीन भोकं पाड,
आणि विसरून जा.

मी विसरले नाही.
रोज साडेनवाला उचलून उजेडात धरायची.
पहिला आठवडा: हिरवा गढूळपणा.
दुसरा: तळाला तेल.
तिसऱ्यात फ्लावियाच्या बाटलीत सुयांसारखे पिवळे उगवले,
तिने अख्ख्या मजल्याला दोदोल वाटलं.
माझं तेलच.
चौथ्यात काचेच्या दांडीने आतून खरवडून पाहिलं
(तसं करतात, पुस्तकात आहे)
तर तेलाने दांडीच धरून ठेवली.

शनिवारी आगरवाड्याला गेले.
बाबा मिठागरात फळी ओढत होता,
यंदाचं शेवटचं मीठ.
त्याला सगळं सांगितलं. तेलाचंही.
फळी न थांबवता त्याने विचारलं,
पाणी किती कोंडींतून फिरवलंस?
एकच बाटली आहे, मी म्हटलं.
एका कोंडीत मीठ होत नाही.
पहिलीत चिखल बसतो, दुसरीत शेवाळ राहतं,
तिसरीत पाणी जड होतं, पोटरीला कळतं.
मग थांबला.
तू ती बाटली रोज हलवतेस काय?

मी खाडीकडे बघत राहिले.

सोमवारी तीनदा गाळलं.
बाटली कपाटाच्या मागे ठेवली, तिच्यापुढे ॲसिटोनचे डबे,
आणि सहा दिवस
दुसऱ्यांच्या चंचुपात्रांचे डाग घासले.

मग तो. निळा. कोन असलेला.
क्ष-किरणांच्या यंत्राने एक रात्र घेतली.
सकाळी मॅडमनी पडद्याकडे पाहिलं,
चष्मा काढला, ओढणीला पुसला, पुन्हा घातला.
तांबं. गंधक. ऑक्सिजन.
पाण्याचे पाच रेणू.

मोरचूद.

सुरुवातीला बाटलीत घातलं होतं तेच.
पाच आठवडे फिरून परत आलेलं,
जाताना होतं त्याहून स्वच्छ.
दारात झाडू घेऊन उभा बाबुसो म्हणाला,
आमच्या पोफळींवर हेच मारतात, चुन्यात कालवून.
म्हापशात किलोने मिळतं.

वहीत मी लिहून ठेवलं होतं: नवीन संयुग, निळे स्फटिक.
खोडरबर हातात घेतलं तशी मॅडमनी काढून घेतलं.
एकच सरळ रेघ मार.
खालचं वाचता आलं पाहिजे.
बाजूला तारीख, सही.
हात थरथरला,
रेघ ‘नवीन’वरून थोडी वर गेली, तशीच आहे.

खडा औषधाच्या कुपीत घालून घरी नेला.
बाबाने तळहातावर घेतला,
उन्हात कलता केला, एकेक कडा बघितली.
याच्यावर कोणाचा पाय पडलेला नाही, म्हणाला.
आणि आयुष्यभराच्या सवयीने
जिभेकडे नेला.

बाबा, नको! मी ओरडले.
विष आहे ते.