बाकावरचा सहावा

गुरुवारी आम्ही सहा, आणि खेळायचे पाच.
भांडण एवढंच.

सातपूरच्या पॅनेल कारखान्यातून सुटून
अत्तारच्या व्हॅनमध्ये कोंबून घ्यायचो
आणि गंगापूर रोडच्या त्या तळघरात उतरायचो,
जिथे जानेवारीच्या थंडीतही एसी चालू
आणि भाड्याच्या बुटांना आधीच्या पायांचा वास,
वरून लिंबाचा फवारा.

आधी सरासरी काढली. ज्याची कमी, तो बसेल.
तीन गुरुवार पेखळेच बसले.
चौथ्याला दुसाने मॅडम म्हणाल्या,
बसवूनच ठेवलं तर माणसाची सरासरी वाढणार कुठून?
याला कुणाकडे उत्तर नव्हतं.
मग पाळी लावली,
तर खैरनारची पाळी नेमकी सिन्नरवाल्यांच्या मॅचला आली.
खैरनार, ज्याचा चेंडू चरात पडता पडता
काहीतरी आठवल्यासारखा आत वळतो.
‘ठरलं ते ठरलं ना भो,’ म्हणत तो बसला
आणि आम्ही एकोणीस पिनांनी हरलो.
परतताना कुणी बोललं नाही.
त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला गांगुर्डे एकदाच म्हणाला,
‘एकोणीस.’

म्हणून चिठ्ठ्या.
मी स्टोअरचा माणूस, अक्षर बरं,
हिशेबाला पक्का अशी ख्याती.
जुन्या चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर सहा नावं, चार घड्या,
पेखळेंच्या बुटात टाकून हलवायच्या.
निघेल तो बाकावर.
देवाला मध्ये घातलं की कुणाचा कुणावर राग राहत नाही.

सिन्नरवाले परत आले तेव्हा
मी सहाही चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहिलं.

सांगितल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं.
नाही वाटत.

पेखळे मार्चमध्ये रिटायर होणार होते.
चेंडू भरल्या सिलिंडरसारखा दोन्ही हातांनी न्यायचे,
रेषेपाशी थांबायचे, आणि ठेवायचे.
तो जायचा. सावकाश. दोन पिना, कधी तीन.
प्रत्येकीचे आभार मानल्यासारखे ते परत यायचे.

त्या दिवशी चिठ्ठी त्यांनीच काढली.
‘मीच,’ म्हणाले,
आणि पाय घालायला म्हणून बूट उपडा केला.
तळहातावर पाच चिठ्ठ्या.
एकीची घडी अर्धी सुटलेली.
त्यांनी मूठ मिटली, शर्टाच्या खिशात रिकामी केली,
चष्म्याच्या घराशेजारी,
मग बूट घातले, नाड्यांना दुहेरी गाठ मारली.
बसायचं असलं तरी बूट घ्यायचेच ते,
साठ रुपये भरून.

जिंकलो. सात पिनांनी.
त्यांच्या टाळ्या सगळ्यांसाठी होत्या,
माझ्या वेळी जरा जास्त वेळ.

पुढच्या गुरुवारी म्हणाले, ‘आज चिठ्ठ्या मी आणल्यात.’
चौकटीच्या वहीचा कागद, नातीच्या असेल.
घड्या घालण्याआधी सहाही उघड्या मांडल्या बाकावर:
अत्तार, दुसाने, खैरनार, गांगुर्डे, पेखळे,
आणि मी, वडिलांच्या नावासकट.
‘बघून घ्या,’ सगळ्यांना म्हणाले.
बघत होते बुटात.

हलवल्या. अत्तारने डोळे मिटून एक काढली.

पेखळे.

खरंखुरं. त्यांच्याच अक्षरात.
खैरनारला हसू आवरेना, मग सगळ्यांनाच,
ते तर चष्मा काढून डोळे पुसत हसले.
मी म्हणालो, आज मी बसतो.
‘छे,’ म्हणाले, ‘चिठ्ठी आहे ती.
तुमच्या मनावर नाही चालत.’

माझा पहिला चेंडू सरळ चरात गेला.
वळून पाहिलं, तर बाकावर वाकून
ते नाडीची दुहेरी गाठ सोडत होते,
आणि सुटल्यावर
पुन्हा बांधत होते.