म्हशीचा ख

थाई मुळाक्षरांत ख पुष्कळ.
एक अंड्याचा, एक बाटलीचा,
एक म्हशीचा, एक घंटेचा,
आणि एक माणसाचा.

मला हे विक्रोळीत कळलं,
एलबीएस रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे मी परक्या भाषांची अक्षरं घासूनपुसून देते
महिन्याच्या पगारावर,
त्यातली एकही भाषा न येता.

माणसाचा ख आता कुणी लिहीत नाही.
टंकयंत्र आलं, बटणं कमी पडली,
तेव्हा तो गळला,
असं बँकॉकहून पिमचनोकबाई सांगतात.
मग माणूस हा शब्द कसा लिहिता, मी विचारलं.
म्हशीच्या खने, त्या म्हणाल्या.
थोडं थांबून : सवय झाली.

पण क्रमांक आहे त्याला.
शून्य ई शून्य पाच.
एकदा दिलेला क्रमांक परत घेत नाहीत,
दुसऱ्याला देत नाहीत.
म्हणून अक्षर काढावंच लागतं,
नाहीतर पडद्यावर तिथे
रिकामा चौकोन उभा राहतो.

दिसतो म्हशीच्या खसारखाच. ฅ
फक्त डोक्यावर एक खाच.
ती किती खोल असावी
यात माझा अख्खा बुधवार गेला.
खोल केली की कपाळ फुटल्यासारखं दिसतं,
उथळ केली की बारीक आकारात भरून येते
आणि मागे उरते म्हैस.

(विक्रोळीतली पहिली वेलांटी
डोळ्याला व-च्या आधी दिसते,
यंत्र मात्र तिला व-च्या नंतर मोजतं.
थाईत असं नाही. आधी दिसलं ते आधीच.
हे मला फार सरळ वाटतं,
आणि थोडं संशयास्पद.)

आबा खेतवाडीत खिळे जुळवायचे.
त्यांच्या केसमध्ये ङ-लाही एक घर होतं,
शाळेच्या तक्त्यावर ज्याच्याखाली
चित्र काढायला कुणाला काही सुचलं नाही, तो ङ.
वर्षाकाठी एखादं वाङ्मय छापायला यायचं,
एरवी तो नवाकोरा, शाईसुद्धा न लागलेला.
मी एकदा त्या घरात माझे सागरगोटे ठेवले.
काढ ते, आबा म्हणाले,
बोलावणं आलं तर उभा कुठे राहील तो?

छापखाना बंद झाला तेव्हा
शिसं किलोवर गेलं,
झिजलेला अ आणि चकचकीत ङ
एकाच भावाने.

तर आमच्या तक्त्यात एक रकाना असतो :
चाचणीचा शब्द.
बाकी सगळ्या अक्षरांपुढे भरलेला,
शून्य ई शून्य पाचपुढे कोरा.
ज्यात तो येईल असा शब्दच नाही.

रात्री भांडुपहून भाचीचा निरोप आला.
ऋजुला, वय चौदा :
मावशी, गणितात सुटले!! ฅ^•.•^ฅ

हे काय गं शेवटी?
मांजर.
आणि हे दोन बाजूंना?
पंजे, मावशी. दिसत नाही का?

दिसत होतं.
चष्मा काढून, मग पुन्हा लावून पाहिलं.
तिला विचारलं, कुठून आणलंस?
सगळेच वापरतात, म्हणाली,
आणि गेली.

आबांना सांगितलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे,
अर्धं ऐकू येतं, तेही त्यांच्या सोयीने.
माणूस, म्हैस, मांजर एवढं ऐकून
त्यांनी एकच विचारलं :
घर मोडलं नव्हतं ना त्यांनी?
नाही.
मग झालं तर, म्हणाले,
आणि भाकरी दुधात कुस्करू लागले.

गुरुवारी मी रकान्यात मांजर भरलं.
पिमचनोकबाई बराच वेळ हसल्या,
त्यांच्या मागे कुठेतरी कुकरसारखी शिट्टी झाली.
मग आवाज कामाचा करून म्हणाल्या,
त्या पंजात, बारीक आकारात,
खाच दिसते का नीट?

दिसते, मी म्हटलं.
दोन बोटं वेगळी दिसतात.