सोडलेल्या माशांची वही

मार्चच्या शेवटी नदी तुटते.
मधली धार खडकांत जिरते,
उरतात नुसते डोह:
घोडेकोंड, सुतारकोंड, बामणाची हांडी,
दोरा निघालेल्या माळेसारखे.
मासे त्यांतच अडकतात, आणि माशांच्या मागं माणसं
जांबोटीच्या फाट्यावरून
लाल धूळ अंगावर घेत जीपनं येतात.

लॉजवर खोल्या चार.
जनरेटर एक, तोही साडेनऊला झोपतो.
मष्णू हरगोल चालवतो, मी चूल.
पहाटे परातीत नाचण्याचं पीठ मळते,
अर्ध्यात मीठ, अर्ध्यात बडीशेप आणि हिंग.
मिठाच्या भाकरी.
बडीशेपेचे लिंबाएवढे गोळे, उकडून घट्ट केलेले,
गळाला.
कधी झोपेत अदलाबदल होते.
माशांनी अजून तक्रार केलेली नाही.

वहीचे रकाने कन्नडात छापलेत, मी भरते मराठीत.
फॉरेस्टचे साहेब दोन्ही वाचतात,
निदान मान तरी हलवतात.
तारीख, डोह, वजन,
आणि शेवटचा रकाना: सोडला.
सगळे सोडायचेच, असा नियम.
पहिल्या वर्षी वाडीतल्या बायका विचारायच्या,
धरायचा, तोलायचा, फोटो काढायचा
आणि परत पाण्यात?
मग ह्यांना भूक लागते तरी कसली गं?

कलमठ साहेब दर एप्रिलला यायचे,
हुबळीच्या बँकेतून रिटायर झालेले.
गळ्यात लिंग, ताटात कधी अंडंसुद्धा नाही.
मासा काठाशी आला की
आधी लिंग शर्टाच्या आत घालायचे,
मग हात भिजवायचे,
मगच त्याला धरायचे.
कोरड्या हातानं खवला निघतो, म्हणायचे.
हळू, अक्का, हळू,
मी दहा हात लांब उभी असले तरी.

त्यांचा एक खडस होता.
शेपटीच्या वर दोन खवले नाहीत,
त्यावरून ओळखू यायचा.
वहीत तीनदा आहे तो.
चार किलो. साडेसहा. नऊ आणि वर थोडं.
मधल्या वर्षांत साहेबांची बायको गेली,
मुलगा परदेशी गेला,
त्याला रकाना नाही.

यंदा चहा हातात दिला
आणि बशी वाजायला लागली.
उजवा हात. थांबेचना.
जणू खोल कुणीतरी गळ ओढतंय
आणि दोरी ह्यांच्या मनगटाला बांधलेली.
मष्णूनं काही न विचारता रॉड जोडला, रीळ बसवलं.
साहेबांनी बघितलं, म्हणाले, बेड.
गोळे मात्र मागितले. डबाभर.

तीन दिवस सुतारकोंडाच्या खडकावर
दोघं बसून राहिले.
साहेब डाव्या हातानं गोळा टाकायचे,
गळाशिवाय, दोरीशिवाय,
पोरानं टाकावा तसा, वेडावाकडा.
एक तर मष्णूच्या टोपीवर पडला.
वाळुंजीच्या सावलीतून खंड्या दोनदा येऊन
हिरमुसून गेला.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला
परातीएवढं पाणी फुगलं,
तांबूस पाठ वर आली, वळली,
आणि गोळा नव्हता.
तोच होता, मष्णू अजून शपथ घेतो.
मला काठावरून खवले काय दिसणार?
मी एवढंच पाहिलं,
साहेबांनी सवयीनं
लिंग शर्टाच्या आत घातलं
आणि दोन्ही हात पाण्यात बुडवले.
पाण्यात हात कापत होता की पाणी,
कळत नव्हतं.

रात्री कंदिलाजवळ वही उघडली.
तारीख लिहिली. डोह लिहिला.
वजनाशी पेन अडलं.
समोर साहेब ताक-भात कालवत होते, चमच्यानं.
मी लिहिलं: जेवला.
शेवटचा रकाना विचारला तर
बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले,
मग म्हणाले, ते असू दे, अक्का. कोरं असू दे.

मे संपायच्या आत लॉजला कुलूप लागतं.
गाद्या उन्हात घातल्या, हरगोल पालथा केला,
वही पत्र्याच्या पेटीत ठेवली.
डब्यात अकरा गोळे उरले होते.
टाकून दे म्हणाला मष्णू.
मी झाकण घट्ट लावून
फळीवर मागं सरकवले, पुढच्या एप्रिलसाठी.
किडे लागतील.
माहीत आहे मला.