काप

माबांबाच्या दलदलीत लुबोवानं वल्हं रोवलं,
बोटानंच बजावलं: हलू नकोस.

शूबिल. खडावेएवढी चोच.

संध्याकाळी पडद्यावर
आधी पंख काढला,
मग पपायरसची आडवी आलेली काडी.
डोळ्यापुढे थोडी जागा सोडली,
नजरेला जायला कुठेतरी हवंच.
मानेवर हात अडखळला:
इथे नको, जरा खाली.

उरला फिकट डोळा
आणि चोचीवरचे चरे.

लुबोवानं ओल्या हातानं पडदा स्वतःकडे वळवला,
बराच वेळ पाहिलं.
"छान," म्हणाला. "आणि पाय?"

पायात रुतला होता
त्याच्याच गावच्या जाळ्याचा निळा दोरा.

मी चौकट पुन्हा वाढवत नेली,
पार कडेपर्यंत.

मूळ फोटोही गुडघ्यांच्या वरच संपत होता.
लांब भिंग
मी घरूनच लावून निघालो होतो.